जोड कुसला

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शापोऱ्याच्या धक्क्यावर जी धांदल उडते, ती पाहायला मला फार आवडते. दोन महिने ताडपत्रीखाली झोपलेले ट्रॉलर जागे होतात, बर्फाचे ट्रक येतात, जाळ्यांवरून शेवटचा हात फिरतो, नारळ फुटतात. नोकरीत असताना शाळेमुळे हे कधी नीट बघता आले नाही. निवृत्त झाल्यावर मात्र ही हौस पुरवून घेतो.

काही वर्षांमागे असाच धक्क्यावर उभा असताना एका जुन्या विद्यार्थ्याने हाक मारली, "मास्तर, येता काय? सांजेपयलीं परततले." तो आता स्वतःच्या ट्रॉलरचा तांडेल आहे. शाळेत गणितात कच्चा होता, पण समुद्राचे गणित त्याला माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. मी चढलो.

जाताना सगळे ठीक होते. परत येताना नदीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असतात, तिथे पंख्यात कुठली तरी तुटकी दोरी अडकली. इंजिन बंद केले. एका पोराने उतरून दोरी कापली. तांडेलने चावी फिरवली, तर इंजिनाकडून नुसते 'टक्'. पुन्हा चावी, पुन्हा 'टक्'. गंमत म्हणजे दिवे लख्ख लागत होते, वायरलेस बोलत होता. बॅटरी नवीन, जुलैतच आणलेली. स्टार्टर आदल्या वर्षी उघडून दुरुस्त केलेला. आणि आम्ही हळूहळू त्या फुटणाऱ्या लाटांकडे सरकत होतो. नांगर टाकला, तो आधी घसरला आणि मग एकदाचा धरला. पाऊण तासाने दुसऱ्या ट्रॉलरने दोर टाकून आम्हाला आत ओढून आणले. त्या पाऊण तासात मी काय काय आठवले ते इथे लिहीत नाही.

धक्क्यावर एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन असतो. धंद्याने इलेक्ट्रिशियन, पण सगळे त्याला मेस्तच म्हणतात. त्याने मीटर काढला नाही, पाना काढला नाही. तांडेलला म्हणाला, "चावी घुंवडाय." आणि स्वतः बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलीवरून बोटे फिरवत गेला. एका ठिकाणी थांबला, बोटे झटकन मागे घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, बॅटरी बरी आसा. जोड कुसला."

कुसणे म्हणजे कुजणे. केबलीच्या टोकाला जे तांब्याचे थिंबल असते, ते वरून हिरवट पडले होते. मेस्ताने प्लास्टिकचे आवरण सुरीने उभे चिरले, तर आतली तांब्याची तार वीतभर काळी ठिक्कर. बोटाने चोळली तर भुकटी झाली.

घरी आलो, अंघोळ केली, चहा घेतला आणि जुनी खोड वर आली. दिवे लागतात आणि इंजिन मात्र सुरू होत नाही, हे कसे? वीस-बावीस वर्षे मी मुलांना ओहमचा नियम फळ्यावर लिहून दाखवला. व्होल्ट बरोबर अँपिअर गुणिले ओहम. पण समुद्रात तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला ओळखता आला नाही, आणि मेस्ताला बोटांनी ओळखता आला.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा त्या कुसलेल्या जोडाचा रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे. दिव्याला दोन अँपिअर लागतात. दोन गुणिले एकशतांश, म्हणजे ०.०२ व्होल्ट त्या जोडात खर्च झाले. बारा व्होल्टांतून एवढे गेले तर दिव्याला पत्ताही लागत नाही. आता स्टार्टरला दोनशे अँपिअर हवेत. त्याच जोडात आता दोन व्होल्ट अडकले. आणि उष्णता? ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोनशेचा वर्ग चाळीस हजार, त्याचा शंभरावा भाग चारशे वॅट. म्हणजे दिव्याच्या वेळी एका वॅटचा पंचविसावा भागही जिथे तापत नव्हता, तिथे चावी फिरवताच इस्त्री लावल्यासारखे होते. मेस्ताची बोटे हेच वाचत होती. आणि दिवा लावून बॅटरी तपासणारे आम्ही सगळे शहाणे फसत होतो.

मग मी जुनी पुस्तके काढून बसलो. बोट, धातू, खारे पाणी आणि जोड या चौघांची गोष्ट कुठून सुरू होते ते शोधायला लागलो, आणि वीज माणसाच्या हाती येण्याच्या आधीच ती सुरू झाली आहे असे दिसले.

लाकडी जहाजाचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा. आपले लोक होडीला माशाचे तेल फासतात ते काही उगाच नाही. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. जहाज वेस्ट इंडीजकडे गेले, तिथल्या उबदार पाण्यात राहिले, आणि १७६३ मध्ये परत आल्यावर तपासले गेले. किडा नाही, शेवाळ नाही. पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी मारला होता, त्यांतले बरेच खिळे खाऊन गेले होते, काही तर लगद्यासारखे झाले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. का? कारखान्यातून तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते. कामगारांनी काही ठिकाणी तो कागद काढलाच नव्हता. जिथे कागद राहिला तिथे लोखंड आणि तांबे यांचा एकमेकांना स्पर्श झाला नाही, आणि तिथला खिळा वाचला.

मला ही गोष्ट फार आवडते. आळशी कामगाराचा असा उपकार इतिहासात क्वचितच नोंदला गेला असेल. तपासणाऱ्यांनी निष्कर्ष बरोबर काढला, की खाऱ्या पाण्यात लोखंड आणि तांबे एकमेकांना लागू देऊ नयेत. कारण मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. कारण सांगायला व्होल्टा यायला हवा होता, आणि तो १८०० मध्ये आला. चांदी आणि जस्त यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत त्याने रचली आणि त्यातून वीज वाहू लागली. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी. म्हणजे 'अलार्म'च्या तळाशी शेकडो न मागितलेल्या बॅटऱ्या चालू होत्या आणि त्या आपला खुराक म्हणून खिळे खात होत्या. आमच्या तांडेलच्या बॅटरीवरही तेच होते. शिशाचे टर्मिनल, तांब्याचे थिंबल, लोखंडी नटबोल्ट, आणि वरून समुद्राची फवार. मोठ्या बॅटरीच्या डोक्यावर एक चिमुकली बॅटरी बसलेली.

ही गोष्ट उलटी वापरता येईल हे हंफ्री डेव्हीच्या लक्षात आले. तांब्याचा पत्राही समुद्रात झिजतोच. १८२३ मध्ये ब्रिटिश नौदलाने त्यावर उपाय विचारला. डेव्हीने सांगितले, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो तुकडा खाल्ला जाईल आणि तांबे वाचेल. १८२४ मध्ये जहाजांवर प्रयोग झाले. तांबे खरेच वाचले. पण तांबे झिजत नाही म्हटल्यावर त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या तळाला कालवांची नि शेवाळाची अशी दाट वस्ती झाली की जहाजे चालेनात. नौदलाने पुढच्याच वर्षी ते तुकडे काढायला लावले. बिचारा डेव्ही. शास्त्र पूर्ण बरोबर आणि उपाय निकामी. आज आमच्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जो जस्ताचा तुकडा लावतात आणि मधूनमधून बदलतात, तो मात्र त्याचीच देणगी आहे. तांडेलला डेव्हीचे नाव माहीत नाही, पण 'झिंक खाऊन गेला काय' हे तो दरवर्षी न चुकता बघतो. बॅटरीचे जोड बघत नाही. असो.

आता ओहम. आमच्या पाठ्यपुस्तकात ओहम एका ओळीत येतो आणि जातो, त्याने कामाला किती घाम गाळला ते कोणी सांगत नाही. मीही कधी सांगितले नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

गेओर्ग झिमोन ओहम १७८९ मध्ये एर्लांगेन इथे जन्मला. बाप कुलपे करणारा. पण हा कुलूपवाला स्वतः वाचून गणित शिकलेला होता आणि त्याने मुलांना घरीच शिकवले. ओहम पुढे कोलोनच्या शाळेत मास्तर झाला. शाळेत प्रयोगाची साधने बरी होती, तेवढाच त्याचा आधार. धातूच्या हातकामाचे संस्कार घरातलेच.

१८२५ मध्ये त्याने तारांवर प्रयोग सुरू केले. तार लांब केली की प्रवाह किती घटतो? पण वीज घ्यायची कुठून, तर व्होल्टाच्या जातीच्या बॅटरीतून, आणि ती बॅटरी मिनिटागणिक उतरायची. आधीच्या मापाचा नंतरच्या मापाशी मेळ नाही. त्यात त्याने घाई करून एक सूत्र छापले आणि ते चुकले. पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने सुचवले, बॅटरी सोड, तापमानाच्या फरकातून वीज घे. बिस्मथ आणि तांबे यांचा जोड करायचा, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर वीज स्थिर. ती फारच थोडी मिळते, पण हलत नाही.

आणि तारांची जोडणी? इथे मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसलो. ओहमने तारांची टोके पिळली नाहीत, खिळ्याला गुंडाळली नाहीत. दोन छोट्या वाट्यांत पारा भरला आणि टोके त्या पाऱ्यात बुडवली. तार बदलली तरी जोड तोच. पारा सगळीकडून बिलगतो, मध्ये फट राहत नाही. म्हणजे नियम सापडायच्या आधी त्याला जोडाचे भूत बाटलीत बंद करावे लागले होते.

मग त्याने आठ तांब्याच्या तारा घेतल्या, जाडी एकच, लांबी वेगवेगळी. सर्वांत आखूड दोन इंच, सर्वांत लांब १३० इंच. १८२६ मध्ये जे सूत्र मिळाले ते आपण शाळेत शिकवतो त्याहून थोडे वेगळे आहे, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. त्याने लिहिले की प्रवाह म्हणजे एक संख्या भागिले तारेची लांबी अधिक आणखी एक संख्या. ही 'आणखी एक संख्या' म्हणजे त्या तारेखेरीज वाटेत जे जे काही आहे ते सगळे. बिस्मथची पट्टी, वाट्या, जोड. त्याच्या मांडणीत ती सव्वावीस आली. म्हणजे त्याच्या त्या नीटनेटक्या, पारा भरलेल्या यंत्रातही तार सोडून उरलेल्या सामानाचा रोध सव्वावीस इंच तारेइतका होता. दोन इंचांची तार काढून चार इंचांची लावली, तारेचा रोध दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा व्हायला हवा असे आपला विद्यार्थी सांगेल. प्रत्यक्षात तो जेमतेम आठ टक्क्यांनी घटतो. उरलेले सगळे त्या दुसऱ्या संख्येच्या पोटात.

आपण मुलांना शिकवताना ही दुसरी संख्या खोडून टाकतो. फळ्यावर बॅटरी काढतो, दिवा काढतो, आणि दोघांना जोडणारी रेघ काढतो. त्या रेघेला काही रोध नसतो, तिच्या टोकांना तर नसतोच. आमचा ट्रॉलर लाटांकडे सरकत होता तो त्या रेघेच्या टोकापाशी.

१८२७ मध्ये ओहमचे पुस्तक बर्लिनला निघाले आणि जर्मनीत त्याचे थंडे स्वागत झाले. विद्यापीठातली जागा मिळेल या आशेने लिहिलेले पुस्तक, पण जागा नाहीच, उलट निराश होऊन त्याने कोलोनची नोकरीही सोडली. पुढची काही वर्षे ओढगस्तीची. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले तेव्हा कुठे घरच्यांना त्याची किंमत कळली. मास्तरांचे हे असेच असते, पण तो विषय इथे नको.

ओहमच्या पुस्तकाला दहा-अकरा वर्षे होताहेत तोच बॅटरी बोटीवर चढली. मोरित्झ याकोबी हा पॉट्सडॅमचा, प्रसिद्ध गणिती कार्ल याकोबीचा थोरला भाऊ. रशियाच्या झारच्या पैशाने त्याने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत विजेवर चालणारी बोट सोडली. अठ्ठावीस फुटी नाव, डझनभर माणसे, आणि डॅनियल जातीच्या ३२० बॅटऱ्या. तीनशे वीस! प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे सहाशे चाळीस जागा जिथे जोड ढिला होऊ शकतो. वेग चालत्या माणसाहून कमी. पुढच्या वर्षी ग्रोव्ह जातीच्या बॅटऱ्या घेतल्या, त्या साठ-सत्तरच लागल्या, रोध कमी आणि जोर जास्त. पण त्यांतून नायट्रिक आम्लाचा असा धूर निघायचा की बोटीतल्यांना श्वास घेणे मुश्कील. या खटाटोपातून याकोबीला एक नियम मात्र मिळाला. बॅटरीच्या पोटातला रोध आणि बाहेरचा रोध सारखा असेल तेव्हा तिच्यातून सर्वांत जास्त शक्ती बाहेर काढता येते. आजही तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

मग आल्या समुद्राखालच्या तारा. अटलांटिकच्या पहिल्या केबलीची १८५८ ची कथा अनेकांनी लिहिली आहे, तेव्हा मी तिच्यातला फक्त तांब्याचा भाग सांगतो. 'अगामेम्नॉन' आणि 'नायगारा' ही दोन जहाजे भर समुद्रात भेटली, दोघांकडे अर्धी अर्धी केबल, तिथेच डेकवर दोन टोके जोडली आणि ती दोन दिशांना निघाली. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, आदल्या वर्षीच दाखवून दिले होते की बाजारात 'तांबे' म्हणून जे मिळते त्यात वीज वाहून नेण्याच्या बाबतीत जवळजवळ दुपटीचा फरक असतो. कारखानदाराला तांबे म्हणजे तांबे. थोडी भेसळ, थोडी अशुद्धी, कोण बघतो? १८५८ च्या केबलीत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते. ती ऑगस्टमध्ये सुरू झाली. संदेश इतके अस्पष्ट येत होते की राणीचा ९८ शब्दांचा निरोप पोचायला सोळा तास लागले. मुख्य इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस याने जोर लावायचा म्हणून दोन हजार व्होल्टांपर्यंत मजल मारली, आणि आधीच कमजोर असलेली केबल काही आठवड्यांत गप्प झाली. पुढच्या खेपेला, १८६५ आणि १८६६ मध्ये, तांबे ३०० पौंडांवर नेले होते आणि त्याची शुद्धता टप्प्याटप्प्याने मोजली जात होती. 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने १८६६ ची ती केबल टाकली. तेच जहाज १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघाले होते. रोध मोजायचा तर सगळ्यांचे माप एक हवे, ही गरज मुख्यतः या केबलवाल्यांची. त्यातूनच ब्रिटिश असोसिएशनची समिती बसली, आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावे शेजारी शेजारी बसली. नोकरी गेलेल्या मास्तराचे नाव असे समुद्राच्या तळातून वर आले.

त्याच १८८१ च्या मे महिन्यात पॅरिसमध्येच गुस्ताव त्रूवे याने सीन नदीत विजेची होडी चालवली. मोटर सुकाणूवरच बसवलेली, उचलून घरी नेता येणारी. आजच्या आउटबोर्ड इंजिनाचा तो पूर्वज. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनच्या टेम्स नदीत 'इलेक्ट्रिसिटी' नावाची पंचवीस फुटी लाँच फिरली, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या शिशाच्या ४५ बॅटऱ्यांवर. सिल्व्हेनस थॉम्पसन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तीत बसले होते आणि त्यांनी 'टाइम्स'मध्ये तिचे वर्णन लिहिले. याकोबीच्या तीनशे वीसपासून पंचेचाळीसपर्यंत आलो होतो. जोड कमी झाले, पण प्रत्येकातून जाणारा प्रवाह वाढला.

तो खरा वाढला मोटारीमुळे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने हँडल काढून इलेक्ट्रिक स्टार्टर दिला. तोपर्यंत जाणकार म्हणत, इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांना मोटर बसवायचे काम करत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते. मग लहान मोटरीवर क्षणभर भरमसाट भार टाकला तर काय बिघडते? ही युक्ती चालली. पण त्या क्षणभरात शेकडो अँपिअर ओढले जातात, आणि म्हणून बोटाएवढी जाड केबल आली. तीच पुढे डिझेल इंजिनाबरोबर आपल्या बोटींवर आली. मोटारीच्या बॉनेटखाली ती केबल बरी असते. बोटीवर तिच्या पायाशी खारे पाणी असते आणि डोक्यावर खारी हवा. उघड्या टोकातून ओल आत शिरते आणि तारेच्या बारीक केसांमधून वर चढत जाते. वरून काळे, लाल प्लास्टिक कसे चकचकीत. म्हणूनच समुद्रावर कल्हई केलेली तार वापरा असे जाणकार सांगतात. ती महाग असते, आणि धक्क्यावरच्या दुकानात गाडीचीच केबल मिळते.

हे सगळे वाचताना मला वाटत होते की आमचा प्रसंग म्हणजे लहान बोटीचे लहान दुखणे. मग 'शिकुटिमी'ची हकिगत हाती आली.

कॅनडाने ब्रिटनकडून चार जुन्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या घेतल्या होत्या. त्यांतली शेवटची ही. ४ ऑक्टोबर २००४ ला ती स्कॉटलंडच्या फासलेनहून घराकडे निघाली, आत ५७ माणसे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी म्हणजे मुळात एक प्रचंड बॅटरी आणि तिच्याभोवती बांधलेले जहाज. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या वायव्येला, खवळलेल्या समुद्रात, वरच्या मनोऱ्यात काही दुरुस्ती चालली होती आणि त्यासाठी वरची नि खालची अशी दोन्ही झाकणे उघडी होती. एक लाट आली आणि सुमारे दोन हजार लिटर पाणी आत कोसळले. माणसांनी ते उपसले, पुसले. पण खारे पाणी कप्तानाच्या खोलीजवळून जाणाऱ्या मुख्य वीजवाहक केबलींच्या जोडांपर्यंत पोचले होते. काही वेळाने तिथे ठिणग्यांची कमान पेटली, आणि आग. धुराने नऊ जणांना त्रास झाला. तिघांना दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने उचलले, त्यांतले लेफ्टनंट क्रिस साँडर्स वाचले नाहीत.

चौकशीत निघाले ते असे की या पाणबुडीच्या केबलींवरचे पाणीरोधक आवरण जुन्या नियमाप्रमाणे होते. तिच्या तीन बहिणींवर ते नंतरच्या, कडक नियमाप्रमाणे होते. म्हणजे कोणी नियम मोडला नव्हता. नियमच आधीचा होता. पाणबुडी परत सेवेत यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला.

आमच्या ट्रॉलरच्या अगदी उलटे घडले होते तिथे. आमच्या जोडात रोध नको होता आणि मिठाने तो आणला. तिथल्या आवरणात रोध हवा होता आणि मिठाने तो घालवला. तेच मीठ, तेच पाणी. तांब्याला खाऊन वाट अडवते आणि रबरावरून ओघळून नको तिथे वाट काढते. 'अलार्म'च्या तपकिरी कागदापासून ते या आवरणापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत माणसे याच दोन गोष्टींशी झगडत आली आहेत. कुठे धातूला धातू घट्ट लागू द्यायचा आणि कुठे मुळीच लागू द्यायचा नाही. मला साँडर्सची बातमी वाचून बराच वेळ दुसरे काही वाचवेना. त्या पाऊण तासात आमच्या ट्रॉलरवर सहा माणसे होती आणि त्यांतला एक पोरगा सतरा-अठराचा.

मेस्ताचे काम मी नंतर दोन-तीनदा मुद्दाम जाऊन पाहिले. मीटर तो वापरतो, पण आपल्यासारखा बॅटरीला लावून बारा व्होल्ट दिसले की खूश होत नाही. तो मीटरची एक सुई बॅटरीच्या टर्मिनलवर धरतो आणि दुसरी केबलीच्या पलीकडच्या टोकावर, आणि मग चावी फिरवायला सांगतो. काटा जेवढा हलेल तेवढे व्होल्ट त्या वाटेने खाल्ले. उलट बाजूच्या, म्हणजे इंजिनाच्या अंगाला जाणाऱ्या केबलीलाही तसेच करतो, कारण लोक तिला विसरतात. चावी न फिरवता मापले तर काहीच दिसत नाही, कारण प्रवाहच नाही. मी विचारले, हे कुठे शिकलास? म्हणाला, एका जुन्या ट्रकवाल्याकडे. ओहमने जे पाऱ्याच्या वाट्या घेऊन केले तेच हा ट्रकवाल्याकडून शिकला होता, फक्त त्या 'आणखी एक संख्ये'चा तुकडा तुकडा वेगळा काढून.

त्या दिवशी त्याने काळी पडलेली वीतभर केबल कापून टाकली. पण उरलेली तारही आत डागाळलेली निघाली, म्हणून पूर्ण केबल नवी घातली. थिंबल नुसते ठोकून बसवले नाही, दाबयंत्राने दाबले, वर गोंदाची नळी चढवून ती तापवून आवळली. टर्मिनल घासून चकचकीत केले, नट आवळला आणि मग वरून ग्रीस फासले. "ग्रीस आदीं न्हय, मागीर," असे त्याने पोराला बजावले. चावी फिरवताच इंजिन धडधडले. तांडेल कपाळावर हात मारून हसला आणि लगेच गप्प झाला. मी विचारले, काय झाले? म्हणाला, मे महिन्यापासून हाच त्रास होता, म्हणून जुलैत नवी बॅटरी आणली. जुनी तशी बरीच होती, पण ती भंगारवाल्याला देऊन टाकली.